ऊसबिलाचा पैसा आणि प्लॉटचा मोह



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त, पाण्याच्या पाळ्या अशा विषयांवर लिहीत असतो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. गटागटांतून ऊस विकास मेळावे घेताना गेल्या काही हंगामांत एक प्रश्न वारंवार कानी येतो. मेळावा संपतो, चहापान होते, मंडळी पांगतात आणि मग एखादा सभासद आम्हांस बाजूला घेऊन हळूच विचारतो, "साहेब, हायवेकडंला प्लॉट निघाल्यात. घ्यावंत का?" कोणाच्या हाती रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आलेला असतो, कोणी दोन हंगामांची बिले साठवलेली असतात, तर कोणी चांगली बागायत विकून तो पैसा प्लॉटमध्ये घालण्याच्या विचारात असतो. चौघांत विचारायला संकोच वाटतो आणि एकट्याने निर्णय घ्यायला धीर होत नाही, अशी एकंदर अवस्था आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर एकदा सर्वांसाठी लिहावे असे आम्ही ठरविले.

शेतकी खात्याने यात का पडावे?

कोणी म्हणेल, उसाच्या माणसाने ऊस बघावा, प्लॉटची उठाठेव कशाला? परंतु या दोन गोष्टी आता वेगळ्या राहिलेल्या नाहीत. नोंदीची वही उघडली की कळते. गेल्या साली दोन एकर नोंद असलेल्या सभासदाची नोंद यंदा एकरावर आलेली दिसते. चौकशी केली तर कळते की पाणी कमी पडले नाही, रोग पडला नाही, जमीनच गेली. शिवाय उत्पादक सभासदत्व हे ऊस पिकवून कारखान्याला घालण्याशी जोडलेले आहे, हे आपल्या पोटनियमांवरून सर्वांस ठाऊक आहेच.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. आपल्या राज्यात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कूळकायद्यातील कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. ज्याने आपली सगळी जमीन विकून टाकली, त्याला किंवा त्याच्या मुलाला उद्या पुन्हा शेतात यावेसे वाटले, तर आपण शेतकरी असल्याचा पुरावा दाखवताना अडचण येते. म्हणजे शेवटचा गुंठा विकताना माणूस नुसती जमीन विकत नाही, परत येण्याची वाटही विकतो. याचा विचार सहीच्या आधी झाला पाहिजे.

एका व्यवहाराची हकिकत

आमच्या ओळखीच्या एका सभासदाची हकिकत त्यांच्या परवानगीने देत आहोत. "साहेब, हे लिवा. नाव तेवढं घालू नका," असे त्यांनी सांगितले आहे.

त्यांची नदीकाठी २५ गुंठे मळईची जमीन होती. एकरी ४५ टनांचा उतार हमखास, म्हणजे २५ गुंठ्यांत २८ टन ऊस. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी टनास ३,५५० रुपये एफआरपी ठरविली आहे. त्या दराने धरले, तर तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वी सालाला लाखाच्या जवळपास रक्कम या तुकड्याची होते. ही मळई त्यांनी विकली आणि शहराबाहेर मोठ्या रस्त्याकडेला दोन-दोन गुंठ्यांचे तीन प्लॉट घेतले. छापील रंगीत कागदावर बाग, मंदिर, चाळीस फुटी रस्ता सारे दाखवलेले होते. जागेवर चुन्याची फक्की मारून दगड रोवलेले होते. थोडी रक्कम चेकने आणि बाकीची रोखीने दिली. स्टॅम्पपेपरवर करार लिहून नोटरी झाली. खरेदीपत्राचे विचारल्यावर "एन. ए. झाले की लगेच करू" असे उत्तर मिळाले.

पुढे काय झाले? सातबारा मागवला तेव्हा तो सामाईक निघाला. विकणाऱ्याच्या बहिणींनी वाटपाचा दावा लावला होता. दोन गुंठ्यांचे तुकडे असल्याने नोंद धरता येत नाही असे महसुली कचेरीतून सांगण्यात आले. तिनांपैकी एका प्लॉटवर दुसऱ्याच एका गृहस्थाने आपलेही करारपत्र दाखवले. मुलाने उरलेल्या प्लॉटवर घर बांधायचे ठरवून बँकेत कर्ज मागितले, तर बँकेने बिनशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा मागितला, दोन्ही नव्हते. रोखीने दिलेल्या रकमेची पावती नाही, त्यामुळे दाव्यात ती मांडताही येत नाही. आज त्यांच्या हाती तीन करारपत्रे आणि कोर्टाच्या तारखा आहेत. मळई ज्याने घेतली त्याचा ऊस मात्र दरसाल आमच्या नोंदीत येतो.

हे गृहस्थ व्यसनी नाहीत, आळशी नाहीत, अडाणीही नाहीत. बेणे घेताना कांडीन्‌कांडी तपासून घेणारे आहेत. तीच पारख प्लॉटच्या कागदाला लावली गेली नाही, कारण कोणता कागद बघायचा हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून आता कागदांकडे वळू.

कायदा काय म्हणतो

पहिली गोष्ट तुकडेबंदीची. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याप्रमाणे शेतजमिनीचा ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकता येत नाही. २०२३ च्या अधिसूचनेने राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत हे प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असे ठरले. मग गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार होतात कसे? अनेक ठिकाणी ते नुसत्या करारावर होतात, किंवा दहा-बारा जणांच्या नावाने एकत्र खरेदी करून सामाईक सातबारा केला जातो. सामाईक सातबाऱ्यावर तुमचे नाव असते, पण तुमचा तुकडा कोणता हे त्यावर लिहिलेले नसते. रस्त्याकडेचा भाग सर्वांनाच हवा असतो, आणि भांडण तिथेच सुरू होते. नागरी भागांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, आणि २०२५ साली शासनाने नागरी व निवासी विभागांतील जुन्या तुकड्यांना नियमित करण्याची सवलतही दिली. पण ती सवलत अमुक गटाला लागू आहे हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकून चालत नाही. तहसील कचेरीत गट क्रमांक दाखवून विचारावे.

दुसरी गोष्ट साठेखताची. साठेखत म्हणजे पुढे खरेदी करून देण्याचा करार. त्याने मालकी येत नाही. स्थावर मिळकतीची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नोटरी आणि दुय्यम निबंधक ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. मुखत्यारपत्र व साठेखत यांच्या जोरावर झालेल्या विक्रीने मालकी जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिलेला आहे.

तिसरी गोष्ट लेकी-बहिणींच्या हक्काची. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. तेव्हा विकणाऱ्याच्या सातबाऱ्यावर भावांचीच नावे दिसली, तरी बहिणी किती, त्यांची नावे कधी व कशी कमी झाली, हक्कसोड नोंदणीकृत आहे काय, हे फेरफार काढून बघावे. आणि हाच न्याय आपल्या घरालाही लागू आहे. आपली जमीन विकताना बहिणीला अंधारात ठेवून केलेला व्यवहार पुढे आपल्याच मुलांच्या गळ्यात येतो.

चौथी गोष्ट जमिनीच्या प्रकाराची. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असे लिहिले असेल, तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. इनाम-वतनाच्या, शासनाने दिलेल्या, पुनर्वसनात मिळालेल्या अशा बऱ्याच जमिनी यात येतात. आपल्या भागात धरणग्रस्तांचे पुनर्वसन मोठ्या प्रमाणावर झाले आहे. लाभक्षेत्रातील गटांवर "इतर हक्क" या रकान्यात विक्रीस बंदी असल्याचे शेरे सापडतात. तो रकाना सर्वांत बारीक अक्षरात छापलेला असतो आणि सर्वांत जास्त तोच वाचायचा असतो. सोसायटीचा इकरार, बँकेचा बोजा, कुळाचे नाव, कोर्टाचा मनाई हुकूम, सारे तिथेच असते.

"विमानतळ येणार, रस्ता येणार"

प्लॉट विकणाऱ्याच्या बोलण्यात एक वाक्य ठरलेले असते: "इथून विमानतळ दहा मिनिटांवर येणार." सभासदांनी यावर पुण्याच्या नव्या विमानतळाचे उदाहरण ध्यानात ठेवावे. पुष्कळ वर्षे चाकण-खेड बाजूचे नाव घेतले जात होते. २०१६ साली पुरंदर तालुक्याचे नाव जाहीर झाले. विमानतळाच्या आशेवर खेड बाजूला चढ्या भावाने जमीन घेणाऱ्याने काय करावे? जमीन जागेवरच राहिली, नकाशावरचे विमानतळ मात्र दुसऱ्या तालुक्यात गेले.

आणि प्रकल्प जागेवर आलाच, तरी प्रश्न संपत नाही. आपला प्लॉट प्रकल्पाच्या हद्दीबाहेर पडला तर भाव वाढेल. आत सापडला तर खरेदी-विक्रीवर बंधने येतात आणि मोबदला कायद्याच्या हिशेबाने मिळतो. ज्याच्याकडे नुसते नोटरी करारपत्र आहे, त्याचे नाव मोबदल्याच्या यादीत येत नाही. सातबाऱ्यावर ज्याचे नाव असते, पैसा त्याच्या नावे निघतो.

मोठ्या भांडवलाची गोष्टही यापासून फार दूर नाही. मुळशी तालुक्यात वरसगाव धरणाच्या काठी लवासा हे डोंगरातले शहर उभे राहू लागले, तेव्हा त्याचा केवढा गाजावाजा झाला होता! २०१० साली केंद्रीय पर्यावरण खात्याने काम थांबविण्याची नोटीस काढली आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जिथे एवढ्या मोठ्यांची गणिते चुकली, तिथे आपण एका रंगीत कागदावर किती भिस्त ठेवावी?

पुराची रेषा

कृष्णा, पंचगंगा, वारणेच्या काठच्या सभासदांना पुराविषयी आम्ही वेगळे काय सांगावे! २००५, २०१९ आणि २०२१ ही साले आपण सर्वांनी पाहिली आहेत. तरीही शहराजवळच्या सखल रानांत, भर टाकून, प्लॉट पाडले जातात आणि आपलीच मंडळी ते घेतात. उन्हाळ्यात जागा बघायला नेले म्हणजे सगळेच कोरडे दिसते.

पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवरच परवानगी मिळते. तेव्हा गट क्रमांक पूररेषेच्या आत येतो काय, हे पाटबंधारे खात्याच्या अथवा नगररचना कचेरीच्या नकाशावर पाहावे. आणि याहून सोपी पारख म्हणजे त्या शिवारातल्या म्हाताऱ्या माणसाला गाठून विचारावे, "आबा, पाणी कुठवर आलं होतं?" तो झाडाकडे बोट दाखवून सांगतो. उसाला चार दिवस पाणी लागले तरी पीक काही अंशी हाती येते. घरात चार दिवस पाणी उभे राहिले तर संसार जातो.

फ्लॅटची गोष्ट

मुले शिक्षणाला, नोकरीला पुण्याकडे गेली म्हणजे तिकडे फ्लॅट घ्यावा असे वाटते. त्यात गैर काही नाही. पण बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पैसा गुंतवताना हे ध्यानात घ्यावे की, आपण तयार वस्तू घेत नसून वचन विकत घेत असतो. आमच्या परिचयाच्या एका सभासदाने मुलाच्या नावे असा फ्लॅट घेतला. चौथ्या स्लॅबवर काम थांबले. मुलगा आज भाड्याच्या खोलीत राहतो, बँकेचा हप्ता चालू आहे, आणि हप्त्याला कमी पडले की गावाकडून उसाच्या बिलातले जाते. एकाच छपरापायी दोन भाडी, आणि छप्पर अजून नाही.

या बाबतीत २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला सर्व जण रेरा म्हणतात, ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरांहून, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांहून अधिक जागेवर किंवा आठांहून जास्त सदनिकांची योजना असेल, तर तिची नोंदणी महारेराकडे करावी लागते, आणि यात प्लॉटच्या योजनाही येतात. करार नोंदविल्यावाचून किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. घेतलेल्या रकमेचा ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. ताबा मुदतीत दिला नाही, तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क आहे.

मात्र हक्क असणे आणि पैसा हाती पडणे यांत अंतर असते. रेराचा हुकूम झाल्यावरही बिल्डरने पैसे दिले नाहीत, तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. वसूल करण्याजोगी मिळकत त्याच्या नावावर उरलेली असली पाहिजे. औषध आहे म्हणून मुद्दाम रोग ओढवून घेऊ नये, असे आमचे सांगणे आहे.

जमिनीच्या नावावर ठेवी

आणखी एक प्रकार गावोगाव येऊन गेला. "हप्ते भरा, आम्ही तुमच्यासाठी जमीन घेतो, पाच-सहा वर्षांनी जमीन घ्या नाहीतर वाढलेली रक्कम घ्या," असे सांगणारे एजंट. यातले सर्वांत मोठे प्रकरण पीएसीएल या कंपनीचे. सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा झाल्याचे निघाले. २०१४ साली सेबीने पैसे परत करण्याचा हुकूम दिला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून जमिनी विकून पैसे परत करण्याचे काम तिच्याकडे सोपविले. लहान रकमांपासून परतफेड सुरू झाली; मोठ्या रकमेच्या लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की एजंट बाहेरचा नसतो. तो आपल्याच भावकीतला, पाहुण्यांतला, शाळेतला असतो. त्याचा हेतू वाईट असतो असेही नाही. पुष्कळदा त्याचेही पैसे त्यातच अडकलेले असतात. म्हणून "आपला माणूस आहे" ही जमिनीच्या व्यवहारातली हमी धरू नये. कोणती जमीन, कोणता गट, सातबारा कोणाच्या नावावर, एवढे तीन प्रश्न विचारावेत. या तिन्हींचे उत्तर कागदावर मिळाले नाही तर नमस्कार करून उठावे.

दुप्पट झाले म्हणजे किती झाले?

"अमक्याने दहाला घेतलेला प्लॉट वीसला गेला" हे वाक्य चावडीवर नेहमी ऐकू येते. याचा एकदा पाटीवर हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत.

समजा, प्लॉट १० लाखांस घेतला. मुद्रांक, नोंदणी, वकील मिळून ७० हजार आणि दलाली २० हजार धरा. एकूण घातले १० लाख ९० हजार. हीच रक्कम बँकेत ७ टक्के चक्रवाढीने दहा वर्षे ठेवली असती, तर सुमारे २१ लाख ४० हजार झाले असते.

आता दहा वर्षांनी प्लॉट २२ लाखांस विकला. दुपटीहून जास्त! पण विकताना दोन टक्के दलाली, म्हणजे ४४ हजार गेले. उरले २१ लाख ५६ हजार. बिनशेती प्लॉटच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. जुलै २०२४ नंतर तो लांब मुदतीच्या नफ्यास १२.५ टक्के असा आहे. १० लाख ६६ हजारांच्या नफ्यावर अधिभारासह १ लाख ३८ हजारांच्या आसपास कर होईल. हाती राहिले २० लाख १८ हजार. म्हणजे ज्याला गावाने "दुप्पट केले" म्हणून वाखाणले, तो मुदत ठेवीपेक्षा सव्वा लाखाने मागेच राहिला. बँकेच्या व्याजावरही करपात्र माणसाला कर लागतो, हे खरे. पण बँकेची ठेव राखायला कुंपण लागत नाही, तिच्यावर कोणी दावा लावत नाही, आणि घरात दुखणे आले तर ती दुसऱ्या दिवशी मोडता येते. प्लॉटला अडीनडीला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि मिळाले तर ते आपली अड ओळखूनच भाव सांगते.

यात कर्जाचा पैसा असेल तर हिशेब आणखी बिघडतो. विशेषतः सोसायटीचे पीककर्ज उचलून प्लॉटचा हप्ता भरण्याची जी रीत पडू पाहते आहे, ती सर्वांत घातक. पीककर्ज मुदतीत फेडले तरच ३ लाखांपर्यंत व्याजसवलत मिळते. कर्ज थकले की सवलत गेली, पुढचे कर्ज अडले, आणि उसाला खत घालायच्या वेळी हात रिकामा. टनेज घटते ते असे, कांडीवर रोग न पडता.

सगळेच खोटे का?

असे मुळीच नाही. जमिनीत पैसा घालून चांगले झालेली माणसेही आपण पाहतो. हडपसरच्या मगरपट्ट्याचे उदाहरण तर शेतकऱ्यांचेच आहे. तेथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी मिळून चारशेच्या वर एकर जमीन एकत्र केली, आणि श्री. सतीश मगर यांच्या पुढाकाराने स्वतःच कंपनी काढून शहर वसविले. जमीन विकून ते मोकळे झाले नाहीत. ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा कंपनीत हिस्सा, असे सूत्र ठेवले. आपल्याला सहकाराची सवय आहे, म्हणून हे सूत्र चटकन उमगावे. तेथे भाव वाढला तो शेतकऱ्याचाच वाढला. मात्र त्यांच्या पाठीशी पुण्यासारखे शहर होते, मंजूर आराखडा होता आणि गावकीची एकी होती. यांपैकी एखादीच गोष्ट असताना मगरपट्ट्याचे स्वप्न दाखवणारा भेटला, तर बाकीच्या दोन कुठे आहेत असे त्याला विचारावे.

तसेच राहण्यासाठी घर, मुलाच्या धंद्यासाठी गाळा, वाटण्या होऊन अपुरी पडलेली जागा, या गरजेच्या खरेदीला आम्ही नको म्हणत नाही. गरजेची खरेदी आणि भावाच्या आशेची खरेदी यांत फरक करावा, एवढेच म्हणणे आहे.

सही करण्यापूर्वी

खालील गोष्टी कापून घरात लावून ठेवाव्यात:

१. चालू सातबारा आणि आठ-अ स्वतः काढावा. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नये.

२. सातबाऱ्यावरील सर्व फेरफार काढून मालकी कशी आली ते वकिलाकडून तपासावे. निदान ३० वर्षांचा शोध घ्यावा आणि शोध अहवाल लेखी घ्यावा. वकील आपला असावा, विकणाऱ्याचा नसावा.

३. "इतर हक्क" रकाना आणि भोगवटादार वर्ग वाचावा.

४. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा मूळ बघावा. "प्रकरण टाकले आहे" म्हणजे आदेश नव्हे.

५. सरकारी मोजणी करून हद्दी बघाव्यात. फक्की आणि दगड म्हणजे मोजणी नव्हे.

६. रस्ता कागदावर आहे काय ते पाहावे. दुसऱ्याच्या बांधावरून जाणारा रस्ता आज आहे, उद्या नसेल.

७. योजना महारेराकडे नोंदलेली असल्यास तिचा क्रमांक घेऊन संकेतस्थळावर पडताळावा. घरातला शिकलेला मुलगा-मुलगी हे काम घटकाभरात करील.

८. विकत घेण्यापूर्वी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. हरकत असेल तर ती आधीच बाहेर येते.

९. पैसे बँकेतूनच द्यावेत. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. रोखीची सवलत दाखवणारा आपला पुरावा काढून घेत असतो.

१०. खरेदीखत नोंदवावे, सूची क्रमांक दोन घ्यावी, आणि फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

११. घरातील बायकांना कागद वाचून दाखवावेत, आणि खरेदीत पत्नीचे नाव घालावे. ज्या व्यवहाराची गोष्ट घरात सांगता येत नाही, तो व्यवहार बहुधा करण्याजोगा नसतो.

एवढे सगळे बघायला पंधरा दिवस लागतात. "आजच इसार द्या, उद्या भाव वाढणार" असे जो म्हणतो, त्याला हे पंधरा दिवसच नको असतात. आपण उसाचे शेतकरी. आडसाली लागण करून अठरा-अठरा महिने वाट बघणारी आपली जात. पंधरा दिवसांची घाई आपल्याला शोभत नाही.

कायद्याचा सल्ला देणे हे शेतकी खात्याचे काम नव्हे आणि तो आम्ही देणारही नाही. त्यासाठी वकिलाकडेच जावे. पण कोणता कागद कोणत्या कचेरीत मिळतो, एवढी माहिती गट ऑफिसमध्ये सभासदांनी नि:संकोच विचारावी. आणि जमीन विकण्याचा विचार पक्का होण्यापूर्वी एकदा तेथे यावे. माती परीक्षण, ठिबक, चांगले बेणे आणि खोडव्याची निगा एवढ्यावर त्याच रानात एकरी टनेज किती वाढू शकते, याचा हिशेब आम्ही आपल्यासमोर मांडू. तो पाहून मग विकायचे की राखायचे हे आपले आपण ठरवावे. जमीन आपली आहे, निर्णयही आपलाच.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते